सलालाच्या मेसमधला कम्युनिझम

दुबईत देऱ्याच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर तय्यब होडेकरांचं कॅफेटेरिया आहे. मोजकी टेबलं, सकाळी करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा, आणि पराठा, दुपारी सुरमईचं कालवण. मालक सत्तरीचे. दाढी मेंदीने लाल, पोट सुखी माणसाचं, आणि आवाज असा की धक्क्यावर माल चढवणाऱ्या हमालालाही आज कालवणात काय आहे ते तिथूनच कळावं. मूळ दाभोळच्या खाडीकाठचे. मिसरूड फुटायच्या वयात घरच्यांनी बोटीत बसवून आखाताकडे पाठवलं, आणि मग इथलेच झाले. सगळे त्यांना तय्यबचाचा म्हणतात.

चाचांच्या आयुष्यात एक लढाई होऊन गेली होती. पुढची पन्नास वर्षं त्यांनी त्या लढाईवर गिऱ्हाईक सांभाळलं.

लढाई खोटी नव्हती. ओमानच्या दक्षिण टोकाला, येमेनच्या हद्दीला लागून धोफार नावाचा डोंगराळ मुलूख आहे. सलाला हे त्यातलं मोठं शहर. सत्तरच्या आसपास त्या डोंगरांत सुलतानाविरुद्ध बंड चाललं होतं. बंडखोरांच्या हातात रशियाच्या, चीनच्या बंदुका, खिशात लाल पुस्तकं. सुलतानाच्या मदतीला इंग्रज आले, मागून इराणच्या शहाची फौज आली. आम्ही कम्युनिझम रोखायला आलोय, असं जो तो म्हणाला. तय्यब त्या वेळी सलालाच्या विमानतळालगत, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये होता.

"मी होतो तिथे," एवढंच चाचा छाती पुढे काढून सांगत. काय म्हणून होते, ते सांगायचं काम त्यांच्या बायकोने, सायराबीने, स्वतःकडे घेतलं होतं.

"बटाटे सोलत होते," ती गल्ल्यामागून म्हणायची.

पण तिचं कोण ऐकणार? जुन्या दुबईतलं खाणं दाखवत हिंडवणारी एक टूर कंपनी होती. तिच्याबरोबर इंग्रज पाहुणे आले की चाचा चहाची किटली उंच धरत आणि म्हणत, "वी फॉट फॉर फ्रीडम, माय फ्रेंड." पाहुणे गहिवरत. मग धक्क्यावरच्या गलबतांवरून इराणी खलाशी येत. त्यांना चाचा सांगत, "तुमचा शहा आला नसता ना, तर होर्मुझच्या सामुद्रधुनीवर आज लाल झेंडा असता." खलाशांपैकी निम्म्यांना शहाचं नाव काढलेलं खपत नसे. त्यांच्या कपाळावरची आठी बघून चाचा त्याच दमात पुस्ती जोडत, "घमेंडखोर होता म्हणा, पण." समोरचा मल्याळी किराणावाला पक्का लाल बावट्याचा माणूस. तो चहाला आला की चाचा आवाज खाली आणून म्हणत, "सगळं तेलासाठी, कॉम्रेड. सगळं तेलासाठी. बाकी नुसत्या बाता."

गंमत अशी, की तिन्ही वेळा ते अगदी मनापासून बोलत. कुठल्याही परराष्ट्र खात्याने त्यांना हसत हसत नोकरीला ठेवलं असतं.

या सुखाच्या संसारात बिब्बा घातला तो त्यांच्या नातीने. इन्शा, मुलगा अफनानची थोरली, दहावीत. सगळं कुटुंब शारजात राहायचं, आणि तिथल्याच एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत ती होती. पोरगी हुशार, आणि आपण हुशार असल्याची तिला पूर्ण खबर. तिला इतिहासाचा प्रोजेक्ट मिळाला होता: परक्या देशातल्या संघर्षात कम्युनिझमविरुद्ध उतरताना एखाद्या सरकारचे हेतू काय असतात? वर्गातल्या बाकीच्यांनी व्हिएतनाम नाहीतर कोरिया घेऊन इंटरनेटवरून रीतसर उतरवून काढला. इन्शाने धोफार घेतलं. तिचा जिवंत साक्षीदार घरीच होता, आणि तो न विचारताही बोलायचा.

शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तिने फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तो आजोबांपुढे ठेवला. त्यांना ती दादा म्हणते.

"दादा, व्हाय डिड ब्रिटन इंटरव्हीन?"

"कोणासाठी पाहिजे?" चाचांनी विचारलं.

"व्हॉट डू यू मीन?"

"म्हणजे तुझी टीचर कोण? इंग्रज आहे?"

"आयरिश."

"आयरिश," चाचा विचारात पडले. "त्यांचं इंग्रजांशी पटतं का गं?"

इन्शाने फोन आणखी पुढे सरकवला. चाचांनी आपल्या अंदाजाने सुरुवात केली. आधी स्वातंत्र्य झालं. मग बाईला आवडेल असं वाटून इंग्रजांच्या दोन चुगल्या झाल्या. अफनान पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा त्याच्या बँकेतला साहेब इराणी आहे हे आठवून शहाबद्दल चार बरे शब्द झाले. शेवटी पंखा बंद पडला, डोकं तापलं, आणि सगळं खापर तेलावर फुटलं. इन्शा शांतपणे ऐकत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "थँक्यू दादा," आणि आपल्या खोलीत गेली.

रात्रीच्या जेवणाला तिने आपला निष्कर्ष वाचून दाखवला. इंग्रजीत होता, पण मतलब असा: हा साक्षीदार घटनास्थळी हजर होता, परंतु ऐकणारा बदलला की त्याचं म्हणणं बदलतं. सबब, त्याची विश्वसनीयता मर्यादित आहे.

सायराबीच्या हातातली चमची खाली पडली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "पन्नास वर्षांत मला जे जमलं नाही, ते पोरीने एका ओळीत लिहिलं!"

चाचांनी ताट पुढे सरकवलं. "आणि तुझी ती सरकारं? इंग्लंडची, इराणची? ती रिलायेबल?"

"दॅट्स द होल पॉइंट, दादा," इन्शा म्हणाली. "गव्हर्नमेंट्स आर ऑल्सो सोर्सेस. दे आर वर्स दॅन यू."

सरकारांपेक्षा आपण बरे, ही बढती चाचांना काही फारशी गोड लागली नाही. त्या दिवशी त्यांनी खीर घेतली नाही.

पण शाळेला प्रोजेक्टचा विषय फारच आवडला. शाळेत इतिहासाची एक संध्याकाळ व्हायची होती, आणि तिला पाहुणे म्हणून एक निवृत्त इंग्रज कर्नल येणार होते. दोन आडनावं आणि मध्ये आडवी रेघ, असं त्यांचं नाव. सगळे नुसतं कर्नलसाहेब म्हणायचे. दुबईत व्हिला होता, आणि कोणत्या देशाने कुठल्या भानगडीत पडावं याचा सल्ला देण्याचा व्यवसाय होता. तरुणपणी ते धोफारच्या लढाईत लेफ्टनंट होते. शाळेने ठरवलं, एका बाजूला कर्नल, एका बाजूला इन्शाचे आजोबा, मध्ये इन्शा. केवढा सुंदर संवाद होईल!

चाचा हवेत तरंगायला लागले. अफनानचा लग्नातला सूट काढला, पोटाला बसेना म्हणून बटणं उघडी ठेवायचं ठरलं. आरशापुढे उभं राहून स्वातंत्र्याचं भाषण घोकून झालं.

"तुमचा साहेब आहे म्हणे तो," सायराबी म्हणाली. "ओळखेल का?"

"ओळखेल का म्हणजे? त्याला चहा कोण द्यायचं?"

शाळेच्या हॉलबाहेर कर्नलसाहेब भेटले. उंच, लालबुंद, ताठ. चाचा दोन्ही हात पुढे करून धावले. "साहेब! सलाला! मेस! चहा!"

"ऑफ कोर्स!" कर्नल गरजले आणि त्यांनी चाचांचा खांदा दाबला. "अब्दुल!"

"तय्यब."

"तय्यब! ऑफ कोर्स!"

हॉल आईबापांनी भरला होता. आधी कर्नल बोलले. बोलले फार छान. पडद्यावर नकाशा आला, नकाशावर लाल रंग पसरत गेला. आधी धोफार, मग मस्कत, मग होर्मुझ, मग एकेक करत सगळं आखात. "आणि आम्ही तिथे उभे राहिलो नसतो," कर्नल म्हणाले, "तर मित्रहो, ही दुबई झाली नसती, आणि तुमच्यापैकी एकाचीही नोकरी इथे नसती." एवढं ऐकल्यावर ज्यांना धोफार कुठे आहे ते ठाऊक नव्हतं त्यांनीही जोरात टाळ्या वाजवल्या. आपल्या नोकरीवर उपकार करणाऱ्या प्रत्येक लष्कराबद्दल त्यांना आदर होता. इंग्लंडच्या सरकारने ही थोर कामगिरी त्या वेळी स्वतःच्या जनतेपासून शक्य तितकी झाकून का ठेवली, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

मग कर्नलने मेसचा फोटो दाखवला. पत्र्याची शेड, बाहेर रिकामी पिंपं, दारात दोन आचारी.

"खरं सांगू? शत्रूपेक्षा आम्हाला जास्त धास्ती होती ती मेसच्या करीची," ते म्हणाले. "शत्रू निदान रोज येत नसे."

हॉल खदखदून हसला. इन्शाने आजोबांकडे पाहिलं. चाचांची दाढी थरथरत होती.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. चाचा त्या संध्याकाळी खरं बोलले, ते सत्याची चाड होती म्हणून नव्हे. घोकलेलं भाषण त्यांच्या खिशात तयार होतं, स्वातंत्र्य जिभेवर होतं. पण त्यांच्या करीला नावं ठेवली गेली होती.

"दादा," इन्शाने माईक पुढे केला, "व्हॉट डू यू रिमेंबर?"

चाचांनी हिंदीत सुरू केलं. हॉलमध्ये सगळे आपलेच होते, अडचण फक्त कर्नलची, आणि त्यांच्यासाठी इन्शा इंग्रजी करत होती.

"साहेब, करीत मसाला घालायला तुमच्या मोठ्या साहेबानेच बंदी केली होती. पोट बिघडतं म्हणाला. उकडलेल्या मटणावर हळद टाका, असा हुकूम होता. ते आम्ही केलं, तुम्ही खाल्लंत. माझ्या उस्तादाचं नाव कशाला खराब करता? तो बिर्याणी करायचा तेव्हा विमानं उतरल्यासारखी माणसं येत."

"ही सेज देअर वॉज अ पॉलिसी ऑन स्पाइसेस," इन्शा म्हणाली.

"आता टेबलाची गोष्ट निघालीच आहे, तर टेबलावर आणखी काय असायचं तेही ऐका. मी ताटं लावायचो. मला इंग्रजी येत नाही असं सगळ्यांना वाटायचं, आणि माणूस आचाऱ्यापुढे काहीही बोलतो. एक कप्तान होता, त्याची बायको दुसऱ्याबरोबर गेली होती; तो म्हणायचा, लंडनपेक्षा इथले बंडखोर परवडले. एक मेजर होता, त्याला मेडल पाहिजे होतं, आणि जगात त्या वर्षी दुसरीकडे कुठे लढाई मिळेना. एकाला स्वतःच्या पलटणीने काढून टाकलं होतं. कम्युनिझम हा शब्द मी टेबलावर कधी ऐकला, सांगू? लंडनहून कोणी मोठा पाहुणा आला की. त्या दिवशी कपाटातून पांढरी चादर निघायची, चांदीचे काटे-चमचे निघायचे, आणि कम्युनिझम निघायचा. पाहुणा विमानात बसला की तिन्ही वस्तू परत कपाटात."

आता हॉल वेगळ्या तऱ्हेने हसला. इन्शाने घसा साफ केला. "ही सेज द ऑफिसर्स ऑल्सो हॅड पर्सनल रीझन्स."

"आणि शहाचा एक अधिकारी यायचा जेवायला. भला माणूस, मिठाई आणायचा. मी त्याला एकदा विचारलं, तुम्ही इतक्या लांब कशाला आलात? तो म्हणाला, आमच्या बादशहाने अमेरिकेकडून नवी हेलिकॉप्टरं घेतली आहेत. घेतली आहेत तर उडवून बघायला नकोत?"

"आणि मी?" कर्नलने हसत विचारलं. तेवढं हिंदी त्यांना समजलं होतं. "माझं कारण काय होतं?"

"तुम्ही लहान होता, साहेब. तुम्ही काही बोलायचा नाहीत. पुडिंग मात्र दोनदा घ्यायचात."

हसण्याचा कल्लोळ झाला. तो ओसरल्यावर मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "पण चाचा, ते डोंगरातले बंडखोर? ते तरी खरे कम्युनिस्ट होते ना?"

हे कोणी चाचांना आजवर विचारलं नव्हतं. टूरवाल्यांना, खलाशांना, किराणावाल्याला, कोणालाच बंडखोरात रस नव्हता.

"मी एकालाच जवळून पाहिलं," ते म्हणाले. "बखीत नाव त्याचं. माझ्याच वयाचा असेल. बंदूक डोक्यावर धरून डोंगरातून खाली आला, शरण. साहेब लोकांनी चौकशी केली आणि त्याला जेवायला माझ्याकडे पाठवलं. मटण घेतलं नाही त्याने. गोड चहा मागितला, मग आणखी मागितला. मी विचारलं, तू कम्युनिस्ट का? तो म्हणाला, ते शिकवायला एक माणूस यायचा, पुस्तक घेऊन. शिकवून झालं की पीठ वाटायचा, म्हणून मी शेवटपर्यंत बसायचो. मग लढलास कशाला? तर म्हणाला, पावसाळा सरला की आमच्या डोंगरावर पाणी नसतं. गुरं मरतात. आम्ही जुन्या सुलतानाकडे विहीर मागितली, डॉक्टर मागितला. नाही मिळाला. पुस्तकवाले म्हणाले, विहीर आम्ही देतो. मी विचारलं, दिली? तो म्हणाला, बंदूक दिली. मग आता इकडे कसा? तर म्हणाला, इंग्रज म्हणतात, विहीर आम्ही देतो."

"दिली?" बाईंनी विचारलं.

"दिली. मशीन आणलं, खणली, पाणी लागलं. मी स्वतः पाहिलं. बखीत ओंजळीने पीत होता आणि हसत होता."

हॉलभर एक 'आं' उमटला. इन्शाचं इंग्रजी ऐकून कर्नलसाहेब ताडकन उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. "हार्ट्स अँड माइंड्स! लोकांची मनं जिंकली आम्ही! लेडीज अँड जेंटलमेन, याहून चांगलं मी सांगू शकलो नसतो!" मुख्याध्यापिकाबाई मंचावर आल्या, डोळे पुसत म्हणाल्या की दोन्ही बाजूंचा किती सुंदर मिलाफ झाला. दोघांना शाळेचं चिन्ह असलेले मग भेट मिळाले. चाचा कर्नलची खोड मोडायला उठले होते, आणि त्यांचे प्रचारक होऊन खाली उतरले. नेमकं काय झालं ते गाडीत बसेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग मात्र घरी पोचेपर्यंत ते गप्प होते. सायराबीला वाटलं, सूट काचत असेल.

पुढच्या आठवड्यात, सकाळची गर्दी सरल्यावर, कर्नलसाहेब कॅफेटेरियात हजर झाले. चहा घेतला, पराठा घेतला, दोन्हींची तारीफ केली. मग मुद्द्यावर आले. अबुधाबीत एक मोठी परिषद होती. देश दुसऱ्यांच्या लढाईत का उतरतात, असा विषय. बऱ्याच सरकारांची माणसं येणार होती. त्यातल्या एकदोघांच्या शेजारीपाजारी सध्या लढाया चालू होत्या, आणि उतरावं की न उतरावं अशा विचारात ती होती. तिथे तय्यबने यावं आणि बखीतची गोष्ट सांगावी.

"तशीच सांगायची, जशी शाळेत सांगितलीत," कर्नल म्हणाले. "विहिरीपाशी थांबायचं. पाणी, ओंजळ, हसू, खलास. त्या काटे-चमच्यांचं काही नको."

ऐकणाऱ्याच्या बेताने गोष्ट कापायची, ही कला चाचांना कोणी शिकवायला नको होती. ते तिच्यातले जुने कारागीर. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. गिऱ्हाइकासमोर ते कधी बसत नसत.

"साहेब, ती विहिरीपाशी थांबत नाही."

"म्हणजे?"

"पाणी लागलं त्याच आठवड्यात त्याला दुसरी बंदूक दिली. इंग्रजी. नवे बूट दिले. म्हणाले, आता वर जा आणि तुझ्या जुन्या दोस्तांना खाली आण, नाहीतर मार. आमच्या किचनच्या दारात बसून तो ते बूट घालत होता. त्याला बूट घालायची सवय नव्हती. नाड्या मी बांधल्या. वर गेला, आणि पहिल्याच चढणीवर त्याच्या चुलतभावाने त्याला गोळी घातली. चुलतभाऊ पुस्तकवाल्यांकडे होता. विहिरीपासून लांब नव्हती ती जागा. मेसपर्यंत आवाज ऐकू आला. मी तेव्हा पुडिंग वाढत होतो."

गल्ल्यामागे सायराबी होती. तिच्या हातातली सुट्टी नाणी तशीच राहिली.

कर्नलने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "हा शेवट नको, तय्यब."

"बखीतलाही नकोच होता, साहेब."

कर्नलचा लाल चेहरा अजून लाल झाला. चाचांना वाटलं, आता उठून जातील. पण ते बसून राहिले, आणि बोलले तेव्हा आवाज व्याख्यानाचा नव्हता. "मी तेवीस वर्षांचा होतो. त्या टेबलावर बाकीचे बायकोबद्दल, मेडलबद्दल बोलायचे, तेव्हा मला वाटायचं, हे थट्टा करताहेत. खरं कारण यांना माहीत आहे, फक्त बोलून दाखवत नाहीत. मला मात्र सगळं खरं वाटत होतं. नकाशा, लाल रंग, सगळं. मी माझे दोन मित्र तिथे पुरले, आणि तेव्हाही ते खरंच वाटत होतं."

"आणि आता?"

कर्नलने खिशातून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "आता तो माझा व्यवसाय आहे," ते म्हणाले. "विचार करून कळवा."

ते गेल्यावर सायराबी पुढे आली. कार्ड उचलून तिने उलटसुलट पाहिलं.

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुला माझी लढाई आवडत नाही."

"मला तुमच्या बाता आवडत नाहीत," ती म्हणाली. "ही बात नव्हती." आणि तिने त्यांच्यासाठी चहा केला, जो ती कॅफेटेरियात कधीच करत नसे. गिऱ्हाइकाला मिळतो तो प्या, असा तिचा नियम होता.

चाचांनी कर्नलला काही कळवलं नाही. परिषद झाली. वर्तमानपत्रात फोटो आला. पडद्यावर ओंजळीने पाणी पिणाऱ्या कोणा माणसाचं चित्र होतं. चाचांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बखीत नव्हता. बहुधा आफ्रिकेतला कोणी होता.

इन्शाने घरी हट्ट धरून उरलेली गोष्ट काढून घेतली आणि प्रोजेक्टमध्ये घातली. या वेळी साक्षीदाराच्या विश्वसनीयतेबद्दल तिने काही लिहिलं नाही. प्रोजेक्ट तपासून आला तेव्हा शेवटी टीचरचा शेरा होता: लिखाण हृदयाला भिडणारं आहे, परंतु प्रश्न सरकारच्या हेतूंबद्दल होता, आणि बखीत हे सरकार नाही. व्हिएतनाम उतरवून काढणाऱ्यांना तिच्यापेक्षा वरची ग्रेड मिळाली.

"सो अनफेअर!" इन्शा पाय आपटत म्हणाली.

"टीचरचं बरोबर आहे गं," सायराबी म्हणाली. "बखीत सरकार असता तर ते बूट त्याने दुसऱ्या कोणाच्या पायात घातले असते."

उन्हाळ्याच्या सुट्टीत अफनानने सलालाची टूम काढली. जुलै-ऑगस्टात इकडे माणूस भाजून निघतो आणि सलालात धुकं, रिमझिम, हिरवे डोंगर. दुबई-शारजातली निम्मी जनता गाड्या काढून तिकडे पळते. चाचा आजवर दर वेळी काही ना काही सबब काढून टाळत आले होते. या वेळी ते न बोलता गाडीत बसले.

वाळवंटातला लांबलचक रस्ता संपला आणि गाडी धुक्यात शिरली. डोंगरावर गाड्यांच्या रांगा, गवतावर सतरंज्या, कबाबचा धूर, फोटो काढणारी मंडळी. चाचा काच खाली करून बघत होते. विमानतळ कुठल्या बाजूला ते त्यांना सांगता येईना. चढण कुठली, तेही नाही. सगळ्याच चढणी आता हिरव्या आणि डांबरी होत्या.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारा शहाळी विकत होता. अंगात जुना कोट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, खाली लुंगी. चाचा उतरून त्याच्याकडे गेले आणि अरबीत म्हणाले, "इथे बखीत नावाचा एकजण होता."

"इथे दर तिसऱ्या घरात बखीत आहे," म्हातारा म्हणाला.

"लढाईत गेला तो."

"कसली लढाई?" म्हाताऱ्याने कोयता उचलला. "पावसाला आलास ना, हबीबी? पाऊस बघ."

चाचा तिथेच उभे राहिले. मागे इन्शा धुक्यात हात पसरून फोटो काढून घेत होती. म्हाताऱ्याने एक शहाळं निवडलं, हलवून पाहिलं, दुसरं घेतलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. शहाळ्याचं डोकं उडवता उडवता, वर न बघता, त्याने विचारलं, "तू होतास तेव्हा इथे?"

"होतो."

"कशाला आला होतास?"

चाचांनी खिशातून पैसे काढले. मग म्हणाले, "पाठवलं होतं."

"मलाही," म्हातारा म्हणाला.

त्याने शहाळ्यात नळी खोचली आणि ते पुढे केलं. साखरेसारखं गोड आहे, म्हणाला. तसं ते नव्हतं, जून होतं आणि थोडं खारट लागत होतं. चाचांनी सगळं पिऊन टाकलं आणि सायराबीसाठी आणखी एक मागितलं.